निळा उतरेपर्यंत

नायट्रोजनच्या टाकीचं झाकण उघडलं तसा पांढरा धूर तिच्या हातमोज्यांवरून खाली ओघळला. तिने चिमट्याने कुपी वर काढली. जेमतेम करंगळीएवढी.

"मी करू का?" मास्तरने विचारलं. मास्तर म्हणजे लॅबमधला तिचा जोडीदार. ऊठसूट शिकवत बसतो म्हणून पडलेलं नाव. आज मात्र त्याने काही शिकवलं नव्हतं. कुपी कोणाची, हे त्यालाही ठाऊक होतं.

"नको. माझ्या आईची आहे."

त्यांचं काम रक्तातून कॅन्सरच्या गाठीच्या पेशी वेगळ्या काढण्याचं. केसाहून बारीक वाटा कोरलेल्या पट्टीतून रक्त सोडलं की रक्ताच्या पेशी अंग चोरून निघून जातात. गाठीच्या थोराड, त्या अडकतात. मग त्या गोठवून ठेवायच्या. आजारपणात आईने आपणहून हात पुढे केला होता. बाकीचे एवढं रक्त काढतात, थोडं लेकीच्या कामाला येऊ दे, म्हणाली होती. आई गेली, आणि जिने तिला नेलं त्या गाठीच्या पेशी तेवढ्या तिच्या म्हणून मागे राहिल्या. त्यातलीही आता ही एकच कुपी उरली होती.

आपल्या द्रावात गोठवलेल्या पेशी इतकी वर्षं तगतात का, हे लॅबच्या मोठ्या मॅडमना बघायचं होतं. एवढी जुनी दुसरी कुपी नव्हती. एकदा वितळली की पुन्हा ठेवता येणार नव्हती. तिने कितीतरी दिवस चालढकल केली. मग वाटलं, आईने रक्त दिलं ते कामाला यावं म्हणून; मी जपून ठेवावं म्हणून नव्हे.

तरी सकाळपासून जीव थाऱ्यावर नव्हता. लेकीचं अंग कोमट होतं, तसंच तिला पाळणाघरात सोडलं होतं. कोमट म्हणजे ताप का, हे विचारायचं कोणाला? नवरा म्हणाला, मोबाइलवर बघ. आई म्हणाली असती, खेळतेय ना, मग तू गप्प बस. उत्तर तिला पाठ होतं. हवा होता तो आवाज.

कोमट पाण्यात कुपी फिरवत तिने बर्फाचा शेवटचा कण विरघळू दिला. मग थेंब थेंब द्राव सोडू लागली. एकदम ओतला तर पेशी फुटतात. चमच्याने आईला पाणी पाजतानाही हात असाच धरावा लागायचा.

"हळू," ती पुटपुटली. मास्तरने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

थोड्या पेशी काचेवर घेऊन तिने निळा रंग मिसळला. मेलेली पेशी रंग शोषून घेते, जिवंत पेशी त्याला आत येऊ देत नाही. तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. निळ्या होत्याच, पण कितीतरी स्वच्छ होत्या, काठ लखलखत होते. तिने मोजल्या, आकडा सांगितला. मास्तर हळूच हसला.

"तगल्या की. काच टाकू आता?"

"राहू दे. घरी फोन लाव. ह्यांना म्हणावं, आज पोरीला तुम्हीच आणा."

रंगात फार वेळ राहिल्या की जिवंत पेशीही निळ्या पडतात, म्हणून तर मोजणी पटकन उरकायची, हे त्यानेच तिला शिकवलं होतं. बाहेर जाताना त्याने दार अलगद ओढून घेतलं.

शेवटच्या दुपारी आईनेच तिला इस्पितळातून पिटाळलं होतं. तिला सातवा महिना होता. "पाय बघ कसे सुजलेत. जा, पड जरा. मी कुठे पळून जातेय?" ती घरी येऊन पडली, डोळा लागला, आणि फोनने जाग आली.

काचेवर एकेक काठ मंद होत गेला. एक पेशी बराच वेळ तशीच राहिली, स्वच्छ. मग तिच्यातही निळा उतरू लागला. तो पुरता उतरेपर्यंत तिने डोळा काढला नाही.