बसू न देणारी खुर्ची

आमच्या घरात बसण्याचा धंदा आहे. म्हणजे आम्ही सोफे बनवतो. बाबांनी, माझ्या सासऱ्यांनी, घराच्या पुढच्या भागात दुकान काढलं, त्यांच्या हाताखाली आमचे हे शिकले, आणि लग्न होऊन आल्यावर मीही सुई हातात घेतली. बाबांचा नियम एकच. गिऱ्हाईक बसलं की त्याला उठावंसं वाटता कामा नये. उठलं, तर आपण नापास. नवा सोफा तयार झाला की बाबा स्वतः त्यावर बसायचे आणि डोळे मिटायचे. डोळे लगेच उघडले, तर आम्ही दोघं मुकाट्याने कात्री शोधायला लागायचो. सगळं उसवा, पुन्हा भरा, पुन्हा शिवा.

अशा माणसाचं खुब्याचं हाड मोडलं. आणि ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले, "आता बसून राहायचं नाही. उठायचं, बसायचं, परत उठायचं. पायांत ताकद आणायची." घ्या! जन्मभर ज्याने लोकांना बसवलं, त्यालाच उठाबशा काढायला सांगितल्या.

व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या. फार गोड बाई. बाबांनी त्यांना स्प्रिंगा आणि फोमच्या गप्पांत असं काही गुंगवलं, की चार व्यायाम शिकवण्याऐवजी बाईच कोपऱ्यातला सोफा स्वतःसाठी राखून ठेवून गेल्या. बाबांचे पाय होते तिथेच राहिले. त्यांना खुर्चीतून उठवायला दोघं लागायची, एकाने काखेत हात घालायचा आणि एकाने पाठ सांभाळायची. बाबा तेवढा वेळ छताकडे बघत राहायचे.

मग ताई आल्या. ताई म्हणजे ह्यांची मोठी बहीण. त्यांना शेजारणीकडून कळलं होतं, की एकदा हे गिऱ्हाइकाकडे सोफा पोचवायला गेले, मी मापं घ्यायला गेले, आणि बाबा दुपारभर खुर्चीत अडकून पडले. उठायचं होतं, उठता येईना, आणि हाक मारायची लाज वाटली. आम्हाला त्यांनी यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं.

"अगं, मी तुला बोल लावत नाहीये," ताई स्वयंपाकघरात हळू आवाजात म्हणाल्या. "तुम्ही दोघं कामात. माझ्याकडे दिवसरात्र माणूस आहे, लिफ्ट आहे. पुढच्या वेळी मी येईन तेव्हा बाबा आपले आपण उठले, तर ठीक. नाहीतर त्यांना मी घेऊन जाणार."

त्यांचं काहीच चुकत नव्हतं, म्हणून तर मला जास्त राग आला. बाबांचं आणि माझं पटतं असं आमच्या गल्लीत कोणी म्हणणार नाही. मी एक बोलावं, त्यांनी दोन ऐकवावीत, मग मी चार. पण ते गेले तर मी भांडू कोणाशी? ह्यांच्याशी भांडणं म्हणजे उशीला गुद्दे मारणं. खरं सांगायचं तर मला ते घरात हवे होते. हट्टी, तोंडाळ, जसे आहेत तसे.

ताई गेल्या आणि जेवताना हे मधेच थांबले. हात ताटात, नजर भिंतीवर. असं झालं की समजावं, ह्यांच्या डोक्यात काहीतरी शिजतंय आणि आता घरात पसारा होणार. झालाच! ह्यांनी एक जुनी खुर्ची उलटी केली, बैठक पुढच्या बाजूला बिजागऱ्यांवर बसवली आणि खाली सोफ्याच्या स्प्रिंगा आकड्यांनी अडकवल्या. पुढे वाकून पाय रोवले की स्प्रिंगा बैठक मागून वर ढकलायच्या आणि माणूस निम्मा उभा राहायचा. उरलेलं निम्मं त्याने स्वतः करायचं. पायांत जरा दम आला की एक स्प्रिंग काढून टाकायची. मग आणखी एक. शेवटी खुर्ची काहीच करणार नाही, सगळं माणूसच करेल.

"म्हणजे दर आठवड्याला कमी काम करणारं यंत्र," मी म्हटलं. "तुमच्या स्वभावाला शोभतं हो."

पण मनातून मी खूश झाले होते. युक्ती खरोखरच नामी होती.

घोडं पेंड खात होतं ते वेगळ्याच ठिकाणी. हे पडले सोफेवाले. बैठक म्हटली की ह्यांचा हात आवरेना. आधी काथ्याचा थर, वर जाड फोम, त्यावर मऊ फोम, पाठीला उतार, मानेला छोटी उशी. मी रेक्झिनचं कव्हर शिवलं, दोऱ्यासारखी सरळ शिवण. बाबा त्यावर बसले, डोळे मिटले, आणि मिटलेच! आम्ही श्वास रोखून उभे. थोड्या वेळाने घोरणं ऐकू आलं.

"पास झालो," हे डोळ्यांत पाणी आणून म्हणाले. जन्मात पहिल्यांदा बाबांनी ह्यांच्या कामात खोट काढली नव्हती. आता ह्या माणसाला काय सांगायचं, की अहो, आपल्याला नापास व्हायचं होतं?

तेवढ्यात बातमी पसरली, की सोफेवाल्यांनी व्यायामाची खुर्ची काढली आहे. औषधांच्या दुकानदाराला एक हवी होती. पोस्टातून निवृत्त झालेल्या काकांना एक. कोपऱ्यावरच्या जिमवाल्यानेही मागवली. हे तर हवेत तरंगायला लागले! दुकानावर नवी पाटी लागली, अर्धं दुकान रिकामं करून तिथे खुर्च्या बनायला लागल्या, आणि मी रात्रंदिवस कव्हरं शिवते आहे अशी माझी अवस्था झाली.

मी एक दिवस चौकशी करायला निघाले. औषधवाले म्हणाले, "वहिनी, काय सांगू, दुपारची झोप आता दुसरीकडे लागतच नाही." काकांच्या खुर्चीत त्यांचं मांजर झोपलं होतं आणि काका शेजारच्या साध्या खुर्चीत ताठ बसून होते, मांजराची झोपमोड नको म्हणून. जिमवाला तर दारातच हात जोडून उभा. "वहिनी, परत न्या हो. जो येतो तो आधी तुमच्या खुर्चीत बसतो, आणि मग गप्पा मारून घरी जातो. वजनं गंजायला लागली माझी!"

घरी येऊन मी ह्यांना बोल बोल बोलले. हे नेहमीप्रमाणे ऐकून घेत होते, आणि ऐकता ऐकता हात एका खुर्चीत आणखी फोम भरत होता! मी फोम हातातून ओढून घेतला. "ताई येतील नि बाबांना घेऊन जातील," मी ओरडले, "आणि तुम्ही उशा भरत बसा!" चेहरा पडला बिचाऱ्यांचा. त्यांनाही बाप हवाच होता की. मला मागाहून फार वाईट वाटलं.

बाबा आपल्या खुर्चीतून हे सगळं बघत होते. समोर एका गिऱ्हाइकाचा दुरुस्तीला आलेला सोफा होता, कुठल्या तरी भलत्याच कारागिराने शिवलेला. त्याच्या कोपऱ्यात कापड गोळा झालं होतं. बाबांची नजर तिथे गेली आणि तिथेच अडकली. "श्शी! हा काय कोपरा झाला?" असं म्हणत ते पुढे वाकले, पाय रोवले, आणि स्प्रिंगांनी त्यांना ढकललं. कोणी हात न लावता बाबा अर्धे उभे राहिले! मग त्यांच्या लक्षात आलं आपण काय करतोय, आणि ते परत बसले. पण मी पाहिलं होतं.

हा माणूस डॉक्टरांसाठी उठणार नव्हता. ताईंसाठी नाही, आमच्यासाठी नाही, स्वतःसाठी तर नाहीच. वाईट कामासाठी मात्र उठणार होता.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या खुर्चीचा फोम काढून टाकला. फळीवर एक पातळ थर ठेवला, मधे मुद्दाम काथ्याची एक गाठ ठेवली, आणि नवं कव्हर शिवायला घेतलं. तुम्हाला वाटेल, वाकडं शिवायला काय लागतं? अहो, माझ्या हाताला सवयच नाही! इतकी वर्षं बाबांनी उसवून उसवून तो हात सरळ केलेला. शिवण वळवायला गेले की बोटं आपोआप रेषेवर येत होती. शेवटी खडूने आधी नागमोडी रेघ आखली आणि तिच्यावरून टाके घातले. शिवताना अंगावर काटा येत होता. तेवढ्यात एक गिऱ्हाईक दुकानात डोकावलं, तर मी ते कव्हर पदराखाली लपवलं.

बाबांना आम्ही त्यावर बसवलं. त्यांनी डोळे मिटले. लगेच उघडले.

"सूनबाई, हे तू शिवलंस?"

"हो. का?"

"शरम नाही वाटली?" असं म्हणून ते पुढे वाकले. वर आले, डगमगले, हे धावले, तर बाबांनी त्यांचा हात झटकला. मागे वळून शिवण बघितली. मला यथेच्छ नावं ठेवली आणि बसले. बसल्यावर ती गाठ टोचली. पुन्हा उठले. तेव्हापासून रोज तेच. जेवण झालं की उठून शिव्या, चहा झाला की उठून शिव्या. मी म्हणायची, "करते नीट, वेळ मिळाला की," आणि पुढे गेले की पदराने तोंड दाबून हसायची. हे गुपचूप एकेक स्प्रिंग काढत होते. बाबा शिव्यांच्या भरात असायचे, त्यांना पत्ता नव्हता.

धंद्याचंही मग आम्ही तसंच केलं. सगळ्या खुर्च्या परत आणल्या, फोम काढला आणि मधे गाठ ठेवली. ह्यांच्या जिवावर आलं, पण केलं. आता औषधवाले तक्रार घेऊन यायचे, "अहो, पाच मिनिटं बसवत नाही हो!" आणि आम्हाला म्हणायचे की गुडघे मात्र बरे आहेत. काकांचं मांजर दुसरीकडे राहायला गेलं. जिमवाल्याने आणखी खुर्च्या मागवल्या. तक्रार आली की हे आनंदाने लाल व्हायचे.

मग ताई आल्या. गाडी दाराशी उभी. ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ताई आत आल्या आणि कोणी काही बोलायच्या आत बाबा खुर्चीतून उठले. खाली एकही स्प्रिंग उरली नव्हती. त्यांनी खुर्चीला हातही लावला नाही.

"ये, ये. बघ तुझ्या भावजयीने काय दिवे लावलेत!" ते खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाले.

शिवण बघते कोण! ताई बापाच्या पायांकडे बघत होत्या, आणि मग त्यांना जे रडू फुटलं, ते हसतच. हे भिंतीला टेकून उभे राहिले. जिंकलो, असं मी मनात म्हटलं.

"बरं झालं आलीस," बाबा म्हणाले. "थांब, चप्पल घालतो. तुझ्याकडे येतोय मी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हणजे? इतकं सगळं केलं ते कशासाठी मग?"

"त्या दिवशी ती मला उचलून नेणार होती. आज मी जातोय. मनाला येईल तेव्हा परत येईन." मग ते माझ्याकडे वळले. "आणि तुला काय वाटलं, मला कळलं नाही? हात चुकला की शिवण वाकडी येते, पण तेव्हा टाकेही लहानमोठे पडतात. तुझी शिवण नागमोडी, आणि टाके सगळे एकसारखे. मुद्दाम केलंस. पहिल्याच दिवशी ओळखलं मी."

"मग रोज उठून मला शिव्या का घातल्यात?"

बाबांनी एक चप्पल पायात सरकवली. "इतक्या वर्षांत तू कोणासाठी काम बिघडवलं नाहीस. माझ्यासाठी बिघडवलंस. मग मी बसून कसा राहू?"

मी मटकन त्याच खुर्चीत बसले आणि पदर डोळ्यांना लावला. ह्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ताई नाक पुसत होत्या. दाराशी कोणीतरी खुर्चीची चौकशी करायला येऊन उभं राहिलं होतं.

"टोचतंय ना?" बाबा चप्पल घालता घालता म्हणाले. "मग ऊठ. गिऱ्हाईक आलंय."

मी उठले.