दोन खाचांची चावी

तर मंगळवारी सकाळी दहाच्या ठोक्याला सगळ्या गल्लीचे फोन एकदम वाजले. नेहमीसारखेच. दर मंगळवारी नगरपालिका सगळ्यांना आठवड्याची माहिती पाठवते ना, एकाखाली एक सात बातम्या, कुठला रस्ता खोदलाय, कुठली लिफ्ट बंद, कुठल्या दुकानाला काय नियम. आणि ती माहिती कुणी पूर्ण वाचत नाही. जो तो आपल्या कामाचं तेवढं बघतो आणि फोन खिशात टाकतो.

चावीवालीनेही तेच केलं. तिची टपरी कोपऱ्यावर, बेकरीच्या बरोबर समोर. तिने बोटाने सरसर खाली जाऊन थेट सातवी बातमी काढली, कारण ती तिच्या पोटापाण्याची होती. 'टपऱ्यांच्या परवान्यांचे नूतनीकरण. हरकत असल्यास शुक्रवारी पाचपर्यंत वॉर्ड ऑफिसात लेखी द्यावी.' वाचून तिला बरं वाटलं. सासऱ्यांच्या वेळेपासूनची टपरी, कोण कशाला हरकत घेतंय!

मग मान वर केली तर बेकरीसमोरची अख्खी रांग तिच्याकडे बघत होती.

अशी बघत होती, की तिला वाटलं आपल्या गालाला काळं लागलंय. तिने पदराने गाल पुसला. तरी बघतायत! शेवटी इस्त्रीवाली, तिची जिवाभावाची मैत्रीण, कपड्यांचं गाठोडं काखेत मारून आली आणि हळूच म्हणाली, "अगं, पाचवी वाच."

पाचवी अशी होती: 'सुरक्षा. आपल्या भागात गेल्या पंधरवड्यात तीन घरांत कुलूप न तोडता प्रवेश झाल्याच्या तक्रारी आहेत. चाव्यांच्या नकला करून घेताना नागरिकांनी सावध राहावे.'

"चावीच्या नकला करणारं या भागात दुसरं आहेच कोण?" चावीवाली म्हणाली.

"तेच सगळे म्हणतायत," इस्त्रीवाली म्हणाली.

दुपारपर्यंत एक गिऱ्हाईक आलं नाही. एक बाई आली, ती चावी करायला नाही, आधी दिलेली परत न्यायला. "केली असेल तर द्या, नसेल केली तर राहू दे," असं म्हणून तिने चावी अशी हिसकावली की बस. संध्याकाळी बेकरीवाला काउंटरवर एक कागद ठेवून उभा. पाव घ्यायला येईल त्याला म्हणायचा, "सही करा. आपल्या पोराबाळांच्या सुरक्षेचा प्रश्न आहे." हरकतीचा कागद! बुधवारी सकाळी त्यावर अकरा सह्या, दुपारी सतरा. ही समोरून मान न वळवता मोजत होती, आणि कानस चालवायचं नाटक करत होती.

आणि खरा घाव बुधवारी दुपारी बसला.

इस्त्रीवाली आली, इकडेतिकडे बघितलं, आणि मुठीतून एक चावी काढून हिच्या हातावर ठेवली. "त्या तीन घरांतलं एक माझं," ती म्हणाली. "मी तुला सांगितलं नव्हतं. चोरीला काही गेलं नाही गं, पण ओट्याखालचं कपाट उघडं होतं आणि फरशीवर बुटाचे ओले ठसे. ही तिथेच पडलेली. बेकरीवाल्याला नाही दाखवली मी. तुलाच दाखवतेय. तुझी आहे का?"

चावीवालीने चावी उजेडात धरली आणि डोक्यावरच्या खाचा मोजल्या.

त्याचं असं होतं, की टपरीवर दोघं काम करायचे, ती आणि तिचा दीर. भावजी म्हणजे चाळीस वर्षांचा गडी, बसचा कंडक्टर होता, आता हेच करायचा. चावी नीट लागली नाही म्हणून गिऱ्हाईक परत आलं की दोघांत वाद. तू कापलीस, नाही तुम्ही कापलीत. म्हणून सासऱ्यांनी पद्धतच पाडून दिली होती. तिने केलेल्या चावीच्या डोक्यावर कानशीची एक बारीक खाच. भावजींच्या चावीवर दोन.

या चावीवर दोन होत्या.

"माझी नाही," ती म्हणाली. खोटं नव्हतं. पण पूर्ण खरंही नव्हतं, आणि इस्त्रीवाली काय वेडी आहे? ती म्हणाली, "बरं," आणि चावी परत न घेताच निघून गेली.

आता चावीवालीच्या डोक्यात नुसता भुंगा. भावजी गेले दहा दिवस रोज अकराला हातपेटी घेऊन कुठे जातात? विचारलं की "पाय मोकळे करायला." अहो, पाय मोकळे करायला कानस कशाला लागते? आणि कोऱ्या चाव्यांचा डबा एवढा रिकामा कसा झाला? रात्रीच्या जेवणाला तिने मुद्दाम विषय काढला.

"भावजी, पालिकेची माहिती वाचली का?"

"वाचली की. परवान्याची ना? होईल नूतनीकरण."

"बाकीची?"

"बाकीची कशाला वाचू? मी काय नगरसेवक आहे?" म्हणाले आणि ताटात बघून जेवायला लागले. हिच्याकडे एकदाही बघितलं नाही!

गुरुवारी भावजी निघाले तशी तिने टपरीला कुलूप लावलं आणि त्यांच्या मागे. वीस पावलं अंतर ठेवून, मध्येच औषधांच्या दुकानाच्या काचेत बघितल्यासारखं करत. भावजी गेले ते मागच्या गल्लीतल्या चार मजली इमारतीत. हो, तीच, जिथे इस्त्रीवाली राहते! फाटकाजवळच राखणदाराची खोली. दार अर्धं उघडं. ही भिंतीला चिकटून डोकावली, तर आत राखणदार खिळ्यांवरून चाव्यांचे जुडगे काढून देतोय, भावजी मांडीवर पेटी घेऊन धडाधड चाव्या कापतायत, आणि दोन हेल्मेटवाली माणसं उभी राहून म्हणतायत, "आज चारच. दुसऱ्या मजल्यावरच्या."

टोळी. सरळ टोळी. आणि आपल्या घरचा माणूस त्यात, आपल्या सासऱ्यांची पेटी घेऊन!

"भावजी!"

भावजींच्या हातातली कानस खाली पडली. हेल्मेटवाला दचकून मागे सरला, आणि त्याच्या पायाशी खोकी दिसली. खोक्यातून निळी गोल तोंडं बाहेर आलेली. पाण्याचे मीटर. नवे कोरे.

"तुम्ही पाणी विभागाचे?" तिने विचारलं.

"मग काय चोर वाटलो?" हेल्मेटवाला म्हणाला. "ओट्याखालचे जुने मीटर बदलतोय, बाई. लोक दिवसा घरी नसतात. राखणदार मूळ चाव्या हातात देत नाही, म्हणून नकला करून घेतो. कळवलंय की सगळ्यांना. दुसरी बातमी वाचा."

तिने तिथेच फोन काढला. दुसरी बातमी: 'पाणी. मीटर बदलण्याचे काम सुरू आहे. सकाळी अकरा ते चार घरी थांबावे. घर बंद असल्यास राखणदाराकडील चावीने प्रवेश केला जाईल.' मंगळवारपासून तिच्याच फोनवर होती ही! पाचवीच्या तीन बोटं वर!

बाहेर आल्यावर ती भावजींवर अशी उखडली की विचारू नका.

"मालक समोर असल्याशिवाय चावी कापायची नाही. मामंजींचा नियम आहे ना?"

"पालिकेचं काम होतं, वहिनी. म्हटलं पालिका म्हणजे सगळ्यांचीच मालक."

"मग लपवलंत का?"

भावजींनी पेटीची कडी लावली. "तुम्ही नाही म्हणाला असतात," ते म्हणाले.

"म्हणालेच असते!"

शुक्रवारी दुपारी ती वॉर्ड ऑफिसात. तिथे दर मंगळवारची माहिती टाइप करणारी क्लार्कबाई होती, चष्मा कपाळावर, टेबलावर सात विभागांच्या सात फायली. चावीवालीने दोन्ही बातम्या तिच्यासमोर धरल्या. "बाई, हे तीन घरांत शिरलेले तुमचेच लोक आहेत."

"असतील. पाण्याचं पाणी विभागाकडून येतं, सुरक्षेचं सुरक्षेकडून."

"पण दोन्ही तुम्हीच एका पानावर टाकता ना!"

"टाकते. वाचत बसले तर मंगळवार बुधवारी होईल. दुरुस्ती पुढच्या मंगळवारी."

"हरकतीची मुदत आज पाचला आहे!"

"ती सातवी बातमी. त्याची खिडकी शेजारी."

घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. चावीवाली जवळजवळ पळतच गल्लीत आली. बेकरीसमोर रांग, आणि बेकरीवाला कागदाची घडी घालून निघायच्या तयारीत. तेवीस सह्या. ती रांगेच्या पुढे उभी राहिली आणि दम खात फोनवरची दुसरी बातमी मोठ्याने वाचली. मग पाचवी.

"म्हणजे पालिकेचे लोक होते?" कुणीतरी म्हणालं. "मग चाव्या कुणाच्या?"

इथे ती गप्प बसली असती तरी चाललं असतं. पालिकेच्या डोक्यावर सगळं ढकललं असतं की झालं. रांगेच्या टोकाला इस्त्रीवाली उभी होती. चावीवालीने मुठीतली ती चावी वर धरली.

"आमच्या. भावजींनी कापल्या, तुम्हाला न विचारता. दोन खाचा आहेत, बघा. चूक आमची आहे."

बेकरीवाला हसला. "बघा, कबूलच केलं ताईंनी. मी म्हणत नव्हतो?"

"तुम्ही कुठल्या इमारतीत राहता हो?" इस्त्रीवालीने मागून विचारलं.

"मागच्या. का?"

"ओट्याखाली शेवटचं कधी बघितलंत?"

बेकरीवाल्याचा चेहरा पडला. तो एप्रनसकट धावत सुटला. सात मिनिटांनी परत आला तेव्हा बाही कोपरापर्यंत ओली होती. "निळा आहे," तो म्हणाला. "नवा. माझ्या घरात येऊन गेले, आणि मला पत्ताच नाही!"

मग त्याने काय करावं? घडी उघडली, कानामागचं पेन काढलं, वरची ओळ खोडली आणि लिहिलं: पाणी विभागाने आमच्या चाव्यांच्या सर्व नकला परत कराव्यात. खाली त्याच तेवीस सह्या. पाचला चार मिनिटं कमी असताना तो कागद वॉर्ड ऑफिसात पोचला, क्लार्कबाईच्या शेजारच्या खिडकीत.

शनिवारी चावीवालीने पाणी विभागाकडून सगळ्या नकला घेतल्या आणि ती भावजींना घेऊन दारोदार फिरली. एकोणीस चाव्या परत दिल्या. इस्त्रीवालीने आपली घेतली, दोन खाचांवर अंगठा फिरवला आणि म्हणाली, "बुधवारीच सांगितलं असतंस तर मी दोन दिवस नीट झोपले असते." एवढंच.

मंगळवारी दहाला फोन वाजले. सातवी बातमी: कोपऱ्यावरच्या टपरीचा परवाना कायम. भावजींनी टाळीच वाजवली. चावीवालीने मात्र या वेळी पहिलीपासून सुरुवात केली, आणि पाचवीला थांबली.

'सुरक्षा. आपल्या भागातील तेवीस नागरिकांनी चाव्यांच्या नकलांबाबत लेखी तक्रार केली आहे. नागरिकांनी अधिक सावध राहावे.'

तिने मान वर केली. बेकरीसमोर रांग होती. आज रांगेत एक नवा माणूस होता, तो तिच्याकडे बघत होता.