यंत्राची वेणी

ताईचं खरं नाव विचारलं तर संस्थेतली निम्मी माणसं गडबडली असती. साहेबांपासून पहारेकऱ्यापर्यंत सगळे तिला ताईच म्हणत, आणि हे सगळं छोटीमुळे झालं होतं. छोटी ही ताईची पाठची बहीण, त्याच संस्थेत धुक्याचा अभ्यास करणारी. "ताई गं" अशी तिची हाक इमारतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायची. रोज ऐकून ऐकून बाकीच्यांच्याही तोंडी ते बसलं.

छोटीचं दुःख ऐकणाऱ्याला हसू येईल असं होतं. तिचं गणित उत्तम होतं. समुद्रावरची हवा, पाण्याची ऊब, वाऱ्याचा रोख, सगळं जमेस धरून बंदरात उद्या धुकं कधी उतरेल आणि किती दाट असेल ते ती सांगे, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगे. फक्त तिच्या जुन्या संगणकाला ते सांगायला दोन दिवस लागत. उद्याच्या धुक्याची बातमी परवा हातात पडे. तोवर धुकं येऊन, पाहुणचार घेऊन, परतलेलंही असे. बंदराचे कप्तान एकदा भर बैठकीत म्हणाले, "पोरी, तुझा अंदाज अगदी अचूक असतो. मी स्वतः आदल्या दिवशी डोळ्यांनी बघितलेलं असतं." सगळे हसले. छोटीही हसली, आणि संध्याकाळी ताईच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून पोटभर रडली.

त्याच संध्याकाळी ताईने मनावर घेतलं. संस्थेतले संगणक सांभाळणं हे तिचं काम, पण आजवर तिच्या वाट्याला दुसऱ्यांनी वापरून टाकलेली यंत्रंच आली होती. आता तिला क्लस्टर हवा होता. पुष्कळ ताकदवान संगणक एकमेकांना जोडायचे, एकच गणित सगळ्यांत वाटायचं, आणि सगळ्यांनी मिळून ते झटपट उरकायचं. साहेब तयार व्हायला बराच काळ गेला, पण ताई एकदा मागे लागली की समोरच्याला हो म्हणण्यावाचून सुटका नसते.

आराखडा करायला बसली तेव्हा मात्र तिने सगळ्यांना अगदी नको नको करून सोडलं. ताई मोजल्याशिवाय पाऊल टाकणाऱ्यांतली नव्हेच. तळमजल्यावरची अडगळीची खोली मिळाली, तर तिची फरशी किती वजन पेलेल, विजेची नवी लाईन कुठून येईल, एसी बंद पडला तर खोली किती वेळात तापेल, सगळं तिने मांडून ठेवलं. ज्या उंच लोखंडी कपाटांत संगणक बसवायचे, त्यांना रॅक म्हणतात. तसा एक रॅक तिने खऱ्या मापाचा, पण पुठ्ठ्याचा बनवला, आणि एका बाजूने स्वतः, दुसऱ्या बाजूने वायरमन, अशी त्याची दारापासून खोलीपर्यंत मिरवणूक काढली. लोक आपापल्या टेबलांवरून उठून बघायला आले. कोणीतरी विचारलं, "ताई, आत कोण आहे?" वळणावरच्या दारात तो पुठ्ठ्याचा रॅक अडकला, तशी ताई हरखून म्हणाली, "बघा, आत्ताच अडकला ते बरं झालं." चौकट काढून घेतली आणि मगच दोन खऱ्या रॅकची मागणी गेली.

केबलींच्या बाबतीतही तिचा खाक्या तोच. थोडं जास्तीचंच मागवावं, आयत्या वेळी तोकडं पडायला नको, म्हणून तिने सगळ्या केबली गरजेपेक्षा लांब सांगितल्या.

यंत्रं आली तो दिवस संस्थेत कोणी विसरणार नाही. फोमचा कचरा गुडघ्यापर्यंत, नव्या लोखंडाचा वास, आणि ताई त्यात पायाला भिंगरी लावल्यासारखी. एकेक संगणक, चपटा आणि चांगलाच जड, ती आणि वायरमन मिळून रॅकमध्ये सरकवत होते. प्रत्येक वेळी कडी 'खट' करून बसली की वायरमन म्हणायचा, "बसला एक जावई." शेवटचा बसला, वीज सुरू झाली आणि सगळे पंखे एकदम गरजले. हिरवे दिवे खालून वर लागत गेले, तशी छोटीने ताईच्या गळ्याला मिठी मारली. दोघी प्रौढ बायका, त्या कचऱ्यात उभ्या राहून लहान मुलींसारख्या गरगर फिरल्या. चाचण्या झाल्या, त्याही झकास. दोन दिवसांचं गणित दुपारपर्यंत उरकेल असा हिशेब निघाला.

मग कप्तानांना बोलावणं गेलं. रात्री नावा सोडायच्या की नाही, हे कप्तान रोज चार वाजता ठरवत. त्यांनी साफ सांगितलं, गुरुवारी मी स्वतः येऊन बसतो. चारच्या आत अंदाज हातात पडला तर शुक्रवारपासून बंदर तुमच्या शब्दावर चालेल, नाहीतर हे काम मी बाहेरच्या कंपनीला देतो. छोटीने ते ऐकलं आणि ताईला बाजूला घेतलं.

"दूरच्या शहरातून नोकरीचं बोलावणं आलंय ना, त्याला मी अजून नाही म्हटलेलं नाही," ती म्हणाली. "गुरुवारी जमलं नाही तर मी जाते गं. लोक हसले की आपणही हसायचं, हे आता होत नाही माझ्याच्याने."

ताईने "जमेल" एवढंच म्हटलं. आई गेल्यापासून छोटी कधी तिच्यापासून दोन गल्ल्यांपलीकडे राहिली नव्हती.

बुधवारी संध्याकाळी सगळं तयार होतं आणि ताईच्या हाताला चैन नव्हती. ती रॅकच्या मागे गेली. केबलींची जास्तीची लांबी तिने दुमडून कडेला कशीबशी खोचली होती, आणि पाहुणे येणार म्हटल्यावर तो गबाळेपणा तिला बघवेना. तिने त्या सगळ्या दुमडी मध्ये घेतल्या, तीन पेड केले आणि वेणी घालायला सुरुवात केली. शाळेत जाताना रोज ती छोटीची घालायची तशीच, घट्ट, एक बट बाहेर येणार नाही अशी, आणि शेंड्याला रिबिनीऐवजी चिकटपट्टी. दोन्ही रॅकच्या पाठीवर मधोमध एकेक जाडजूड काळी वेणी लोंबू लागली. ताईने चार पावलं मागे जाऊन बघितलं आणि स्वतःवरच खूश होऊन घरी गेली.

गुरुवारी नवाच्या ठोक्याला छोटीने गणित सुरू केलं. कप्तान जरा उशिरा आले, त्यांनी यंत्रांना प्रदक्षिणा घातली आणि मागे येऊन थबकले. "हे कोणी केलं?" त्यांनी विचारलं. "आमच्या दोरखंडवाल्यांना आणून दाखवायला पाहिजे." ताईच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

ते फार वेळ टिकलं नाही. अकराच्या सुमारास छोटीने पडद्यावरून मान वळवली. "ताई, हे साडेपाचला संपेल म्हणतंय."

ताईला वाटलं, ही चुकीचं वाचत असेल. जाऊन बघते तर खरंच साडेपाच. मधल्या काही यंत्रांचा वेग निम्म्यावर आला होता, आणि क्लस्टरचं असं असतं की सगळे मिळून एकेक पायरी चढतात. एकजण मागे राहिला की बाकीचे हात बांधून त्याची वाट बघत बसतात. ताईने विजेचा दाब बघितला, ठीक. एसी बघितला, खोली थंडगार. प्रोग्रॅममध्ये काही घुसलंय का ते बघितलं, काही नाही. कप्तान खुर्चीत बसून शांतपणे पेपर वाचत होते, आणि ती शांतता तिला आरडाओरड्यापेक्षा जास्त झोंबत होती.

छोटीला बसवेना. ती रॅकच्या मागच्या बाजूला फेऱ्या मारत होती. थोड्या वेळाने तिचा आवाज आला, पण नेहमीसारखा मोठा नव्हता. "ताई, परवा इथे मागे उभं राहिलं की तोंडावर गरम वारा यायचा. आज का येत नाही?"

ताईच्या एकदम लक्षात आलं. पुढून थंड हवा आत घ्यायची आणि मागून गरम हवा बाहेर टाकायची, एवढ्यावर ही यंत्रं जगतात. जास्त तापलं की जीव वाचवायला ती आपणहून हळू होतात. चाचण्या झाल्या तेव्हा मागची बाजू मोकळी होती. ती मागे धावली, वेणीच्या फटीत हात घातला आणि चटका बसून मागे घेतला. रॅकच्या मधल्या यंत्रांच्या नाकातोंडावर तिने स्वतःच्या हाताने, हौसेने, घट्ट बोळा बसवला होता.

तिने कपाळाला हात लावला. "मी केलंय हे," ती म्हणाली. "फरशी मोजली, दारं मोजली, आणि शेवटी नटवायच्या नादात त्यांचा श्वास कोंडला."

"सोडूया मग," छोटी म्हणाली.

पण गणित चालू होतं. एक केबल जरी तिच्या खाचेतून निसटली तरी सगळी यंत्रं थांबणार, आणि केलेलं काम अधूनमधून जपून ठेवायची सोय ताईनेच वेळ वाचवण्यासाठी बंद ठेवली होती. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली तर चार कसले, सहा वाजले असते. वायरमनने चिकटपट्ट्या कापायचं कटर पुढे केलं. ताईने ते घेतलं, वेणीच्या शेंड्याशी नेलं आणि पुन्हा खाली ठेवलं.

"मला दे," छोटी म्हणाली. "तू वरून खाचा धरून ठेव. वेणी सोडायला मला शिकवायला नको. रोज शाळेतून आल्यावर तू ओढून सोडायचीस आणि मी बोंबलायचे. कुठे ओढ बसते ते मला चांगलं ठाऊक आहे."

ताईने दोन्ही तळहातांनी केबलींची टोकं दाबून धरली. छोटी खाली बसली आणि शेंड्यापासून एकेक पेड सुटा करत वर येऊ लागली, ओढ बसू न देता, मध्येच थांबून, बोटांनी चाचपून. कप्तानांनी पेपर केव्हाच बाजूला ठेवला होता. ते उठून आले, सुटलेल्या दुमडी एकेक करून वायरमनच्या हातात देऊ लागले आणि वायरमन त्या रॅकच्या कडेला बांधू लागला. अर्धी वेणी सुटली तोच आतून गरम हवेचा झोत असा आला की छोटीचे केस मागे उडाले. ती मोठ्याने हसली, आणि ताईच्या जिवात जीव आला.

दुसरी वेणी सुटेपर्यंत पडद्यावरची संपायची वेळ अलीकडे सरकू लागली होती. साडेपाचचे पाच झाले, मग सव्वाचार, मग साडेतीन. दर वेळी वायरमन नवी वेळ मोठ्याने वाचायचा. साहेबही खाली आले, मागोमाग बाकीची मंडळीही. खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही तेव्हा ताईने सगळ्यांना दाराबाहेर हाकललं. खोली तापते म्हणाली.

तीन वाजून गेल्यावर थोड्याच वेळात पडद्यावर बंदराचा नकाशा उमटला. मध्यरात्रीपर्यंत निळा, आणि पहाटे बंदराच्या तोंडाशी पांढराफटक. छोटीने तो कप्तानांसमोर ठेवला. त्यांनी नकाशा पाहिला, मग बाहेर पाहिलं. लख्ख ऊन पडलं होतं, आभाळात ढगाचा ठिपकाही नव्हता.

त्यांनी फोन लावला. "आज रात्री एकही नाव सोडायची नाही," ते म्हणाले. "हो, ऊन मलाही दिसतंय. नाही म्हणजे नाही. आमच्या जावईबापूंची नावही नाही, ते फुरंगटले तरी चालतील."

ते धुकं पहाटे आलं, आणि सांगितलं होतं त्याहून दाट आलं, पण ती पुढची गोष्ट. त्या दुपारी ताईच्या मनात फक्त एकच प्रश्न होता, आणि तो छोटीला विचारायची तिची छाती होत नव्हती. विचारलं कप्तानांनी, चपला घालता घालता, सहज.

"उद्याचा किती वाजता मिळेल?"

"दोनला," छोटी म्हणाली. "परवाचाही दोनलाच. उन्हाळाभर दोनलाच धरून चाला, आम्ही आहोत इथे."

ताई रॅकच्या मागे जाऊन उभी राहिली. तिथे आता गरम वारा चांगला जोरात येत होता, त्यात डोळे लवकर सुकतील असं तिला वाटलं. सुकायला बराच वेळ लागला.