काबरीचे डाग

सुकेशनीने काबरीला मांडीवर उताणं केलं आणि तिचा हात जागीच थबकला. मांजरीच्या पोटावरचे केस जळून गेले होते. मधोमध तीन डाग, कडेने लाल, आत ओलसर. काबरी गुरगुरली, तिच्या बोटाला चावली आणि कोठीमागे जाऊन बसली.

"कोनं केलं हे?"

विचारायची खरं तर गरज नव्हती. तिचे वडील, देवमन, ओसरीतल्या बाजेवर बसून सुपारी कातरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"म्या देले डाग, सळई तापवून. तोंडात घास घेत नव्हती. आता दूध पेऊन राह्यली, पाय."

बुधवारी फोनवर आईने दोन गोष्टी सांगितल्या होत्या. काबरी खात नाही, आणि धम्मरत्नचं पोट फुगल्यासारखं वाटतं. धम्मरत्न म्हणजे सुकेशनीचं आठ महिन्यांचं लेकरू. नवरा पुण्याला कंपनीत, ती कारंज्याच्या शाळेत. आठवडाभर पोर आईच्या भरवशावर, ती शनिवारी गावी यायची. मधल्या सुट्टीत, एका हाताने वह्या तपासत तिने दोन्हींचा निकाल लावून टाकला होता : बाळाला डॉक्टरकडे न्या आणि मांजरीला मंगरूळपीरला गुरांच्या दवाखान्यात.

"दवाखान्यात काहून नाही नेली?"

"मांजर घेऊन एसटीत बसू? लोक हासतीन."

"लोक हासतीन म्हनून भाजली तिले? घरात देव नाही ठेवत तुमी, लिंबू-मिरचीवाल्याले दारात उभं नाही करत. अन् हे काय मंग?"

"ते अंधश्रद्धा. हे औषध हाये." देवमन शांतपणे म्हणाले. "ढोराले देतो, मानसाले देतो. तुले बी देले होते. मेली का? मॅडम झाली शाळेत."

सुकेशनीच्या पोटावरही तीन डाग होते. गरोदरपणात कातडी ताणली तसे ते चांगले रुपयाएवढे झाले होते. नर्सने विचारलं तेव्हा लहानपणी चहा सांडला म्हणून तिने वेळ मारून नेली होती. बापाची अब्रू आपण झाकायची आणि बापाने तीच फुशारकीने सांगायची, या विचाराने तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आता एकदा तीच सळई तुमच्या पोटाले लावून पाहू," ती ओरडली. "मंग सांगा मले औषध हाये का काय ते!"

शेजारची रत्नमाला कुडावरून डोकावली. देवमन उठले, टोपी डोक्यावर घातली.

"शिकली म्हनून बापाले शिकोते," असं पुटपुटत ते पाराकडे निघून गेले.

आत चुलीपुढे भागिरथाबाई भाकरी थापत होत्या. मागे झोळीत धम्मरत्न झोपला होता. सुकेशनी तावातावाने आत आली आणि तिची नजर आईच्या हातांवर गेली. कोपरापासून मनगटापर्यंत ओरबाडे आणि त्यांवर हळद.

"तू धरली होती तिले."

"हो."

"बाबाचं जाऊ दे, त्यायले अक्कल नाही. पन तू? तुह्या पायाशी निजते ते. तुह्या हातचं खाते. लाज नाही वाटली?"

भागिरथाबाईंनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला.

"सळई काबरीसाठी नव्हती तापवली त्यायनं."

भागिरथाबाईंनी मानेनेच झोळी दाखवली.

"पोट तं लेकराचं बी फुगलं होतं ना. म्या म्हनलं, आधी काबरीले द्या. तिले गुन आला तं मंग लेकराले. तवर तू येशीन म्हनलं."

सुकेशनी झोळीकडे धावली. बाळाचं झबलं वर केलं. पोट कोरं होतं, श्वासाबरोबर वरखाली होत होतं. तिने झबलं खाली ओढलं आणि लगेच पुन्हा वर करून पाहिलं.

बाहेर वाटी वाजली. काबरी दूध पीत होती; तिला गुण आला होता.

तो आवाज ऐकला आणि सुकेशनीने दोरीवरचे लंगोट ओढून पिशवीत कोंबायला सुरुवात केली. भाकरीची टोपली रिकामी करून काबरीसाठी बाजूला ठेवली. लोकांना हसायचं ते हसू देत. राग कमी झाला नव्हता, उलट वाढला होता, आणि तो काढायचा कुणावर हे तिला कळत नव्हतं. शेवटी तो समोर होती तिच्यावरच निघाला.

"लेकरासाठी सुचलं तुले. अन् माह्या टायमाले? तवा काहून नाही सुचलं?"

भागिरथाबाईंनी चिमट्याने भाकरी उचलली, निखाऱ्यावर टाकली. ती फुगली तशी उलटली.

"तुह्या टायमाले," त्या म्हणाल्या, "घरात मांजर नव्हती."