भिंतीकडे तोंड

म्युरिएलच्या कादंबरीतले एल्फ उंच, देखणे आणि टोकदार कानांचे. म्हातारपण नाही की मरण नाही. कामाचं म्हणाल तर इकडची काडी तिकडे करायचे नाहीत. शेवटी मात्र जहाजात बसून कायमचे निघून जायचे. तो निरोपाचा प्रसंगच तिला काही केल्या जमेना, आणि तिकडे प्रकाशक घायकुतीला आलेला.

म्हणून ती इंग्लंडातल्या श्रॉपशर परगण्यात डॉर्कसमावशीकडे आली. पहिलं महायुद्ध लागलं तेव्हा मावशी तिथल्या हवेलीत पोरसवदा मोलकरीण होती. आता वाटाणे सोलत ती भाचीचं वाचन ऐकत होती.

"अगं, हे तर आमचे हवेलीवाले! कान तेवढे टोकदार केलेस."

"तेच तर! तेही असेच गेले, ती सगळी दुनियाच गेली. मावशी, धाकटे मालक लढाईवर निघाले तेव्हा तू होतीस ना? चेहरा कसा होता गं त्यांचा? तेवढं सांग, माझा राजपुत्र उभा राहील."

"मला काय विचारतेस? मालक समोरून आले की आम्ही नोकरांनी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, असा नियमच होता. हवं तर बूट कसे होते ते सांगते."

म्युरिएलचा चेहरा पडला. एवढी तंगडतोड केली आणि हाती काय, तर बूट!

"त्या सकाळी मी जिन्यात होते, कोळशाची बादली घेऊन," मावशी म्हणाली. "बूट माझ्या मागे थांबले. 'येतो, डॉर्कस,' म्हणाले. माझं नाव ठाऊक होतं बघ त्यांना! मी भिंतीलाच 'होय साहेब' म्हटलं. परत आले नाहीत ते. वाईट वाटतं गं, अजून वाटतं."

म्युरिएलने पेन काढलं. "मग माझ्या निरोपाच्या प्रसंगातही एक दासी भिंतीकडे तोंड करूनच उभी राहील. किती सुंदर होईल!"

"सुंदर? डोंबल! वळव तिला."

"वळली तर एल्फ तिला हाकलून देतील, मावशी. कायदाच आहे त्यांचा."

"देऊ देत. मी नाही वळले, तरी वर्षभरात हवेलीला कुलूप लागलं आणि नोकरी गेलीच ना? वळव म्हणते ना!"

म्युरिएलने निमूटपणे आधीची ओळ खोडली. दासी वळली. पण पुढे पेन अडलं.

"वळून तिला काय दिसतं, मावशी?"

मावशीने वाटाण्याचं भांडं बाजूला ठेवलं आणि खुर्ची जवळ ओढली.

"ते तू लिही," ती म्हणाली, "आणि मला वाचून दाखव."