दातवालं फूटरेस्ट

घरातली माणसं अचानक गोड बोलायला लागली की माझे कान उभे राहतात. ह्याला कुणी संशय म्हणतं. म्हणू दे. मी त्याला डोळे उघडे ठेवणं म्हणतो.

त्या दिवशी सकाळी मल्लूनं, म्हंजे माझ्या धाकट्या मुलानं, मल्लिकार्जुननं, चहाचा कप स्वतः माझ्या खोलीत आणून दिला. वर माझ्याजवळ बसलाही. मी बशीत चहा ओतला आणि वाट बघितली.

"अप्पा, अजिनाथच्या दुकानात चला की माझ्याबरोबर. गाडीची मागची फूटरेस्ट बदलायचीत. मागं बसणाऱ्याला आराम मिळाला पायजे. तुमी बसून बघा आणि सांगा, कुटलं बरं वाटतंय."

मल्लूनं गेल्या दिवाळीत लांबच्या फिरतीची मोटारसायकल घेतलीय. उंचीला घोड्याएवढी. मित्रांबरोबर हंपी काय, गोवा काय, सगळीकडं हिंडतो. मला आजवर त्यानं गल्लीच्या कोपऱ्यापर्यंतसुद्धा नेलं न्हाय. आणि आज माझ्या पायाची एवढी काळजी?

"मी कशाला? तुझ्या बायकोला ने, सिद्धेश्वरीला."

"तिचे गुडघे चांगले हायत अप्पा. तिला काय कळणार?"

माझे गुडघे गेलेत, हे खरं. माझ्या बायकोचे, ईरम्माचेही गेलेत. पण त्याची आठवण मल्लूला आजच का झाली? उत्तर मला ठाऊक होतं. आदल्या दिवशी सून सिद्धेश्वरी स्वयंपाकघरात फोनवर कन्नडमधनं बोलत होती. ती हळू बोलायला लागली की मला जास्त ऐकू येतं. "रविवारी घेऊन येतो म्हणालेत हे. अक्कलकोटवरनं. अप्पांना मात्र अजून काय माहीत न्हाय, तुमीपण बोलू नका."

अक्कलकोटवरनं पुढं कलबुर्गी. कलबुर्गीत माझा थोरला मुलगा राहतो, तिसऱ्या मजल्यावर, एका पेटीएवढ्या घरात. तितं गेलो की दिवसभर दार बंद, आणि खाली उतरलं तर ओळखीचं कुत्रंसुद्धा भेटत न्हाय. हितं सोलापुरात माझी रस्त्याकडची खोली हाय. खिडकीत बसलो की येणारा-जाणारा "काय गुरुसिद्धप्पा, बरंय का?" म्हणतो. त्याच खोलीवर सिद्धेश्वरीचा डोळा हाय, शिकवणीची पोरं बसवायला. एकदा बोलूनही दाखवलं होतं तिनं. म्हंजे सगळं जुळलं. म्हाताऱ्याला गाडीवर घालायचं, थोरल्याकडं नेऊन सोडायचं आणि खोली मोकळी करायची. आणि वर म्हाताऱ्याकडनंच फूटरेस्ट निवडून घ्यायचं! वा रे पोरा!

मी टोपी घातली आणि निघालो.

अजिनाथचं दुकान होटगी रोडला. त्यानं गाडी स्टँडवर उभी केली, स्टूल लावलं आणि दोघांनी मिळून मला वर चढवलं. मग एकेक फूटरेस्ट लावून दाखवायला सुरुवात केली. पहिलं रुंद, वर जाड रबर. पाय टेकला आणि खरं सांगतो, घरच्या चौरंगावर ठेवल्यासारखं वाटलं. दुसरं तसंच रुंद रबराचं, पण खाली-वर करता येणारं.

"डावा पाय कसा वाटतोय, अप्पा?" मल्लूनं विचारलं.

"डावाच का? उजवा काय सावत्र हाय?"

"उजवापण सांगा की. पण डाव्याचं नीट सांगा."

जरा वेळानं तो मान खाजवत म्हणाला, "अप्पा, एकदा आडवं बसून बघता का? दोन्ही पाय डाव्या बाजूला टाकून?"

"काय बे!" माझं डोकंच फिरलं. "मी काय लुगडं नेसलोय काय? बायकांसारखा आडवा बसू व्हय रस्त्यावर? लोकं बघायलेत!"

अजिनाथ तोंड फिरवून हसला. मला वाटलं, म्हाताऱ्याला पिशवीसारखं आडवं टाकून न्यायचा विचार दिसतोय मल्लूचा.

मग अजिनाथनं तिसरं काढलं. अरुंद, नुसतं लोखंड, आणि त्याला करवतीसारखे दात. "हे मल्लूदादाला दाखवायला काढलं," तो म्हणाला. "चिखलात, डोंगरात गाड्या घालणारी पोरं लावतात. बूट घसरत न्हाय. तुमच्या कामाचं न्हाय, आजोबा."

ते बघितलं आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. आरामाचं फूटरेस्ट लावलं तर मी कलबुर्गीपर्यंत मुकाट्यानं जाईन. हे लावलं तर गावाबाहेरच्या कुंभारीच्या पुढं जायच्या आत बोंब मारीन, पाय गेले, पाय गेले म्हणून. मग मल्लूला गाडी वळवावीच लागेल. बापाला रडवत कोण नेतंय?

"हेच लाव," मी म्हणालो.

"अप्पा, टोचतंय की हे."

"टोचत न्हाय. तळव्याला दाब मिळतो. रक्त चालतं. लई बरं वाटतंय."

मल्लूनं माझ्याकडं बघितलं. "खरं सांगा हं, अप्पा."

"मी कधी खोटं बोललोय काय बे?"

अजिनाथ काहीतरी बोलणार होता, पण मी असं बघितलं त्याच्याकडं की तो पाना घेऊन खाली बसला.

शनिवारी घरात कडक भाकरीचा वास सुटला. ईरम्मा भाकरी थापून थापून तव्यावर वाळवत होती आणि बाजूला शेंगाचटणीची पितळी भरली होती. "एवढं कुणाला?" मी विचारलं. "मल्लू फिरायला चाललाय," ती म्हणाली आणि भाकरी उलटायला वळली. ईरम्मा माझी नजर चुकवत न्हाय कधी. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं माझ्यापास्नं लपवलं असेल तर एखादा बत्तासा, गोड बंद असताना खाल्लेला. म्हंजे तीपण सामील हाय. पोराचं सोडा. पण हिनं? रात्रभर मी कूस बदलत राहिलो. माझ्याबरोबर येशील का, एवढं तरी विचारावं म्हणलं, आणि भिंतीकडं तोंड करून पडलो.

रविवारी सकाळी मी तयार होऊन खिडकीत बसलो. कधी बोलावतात ते बघू. ऊन भिंतीवर चढलं तरी कुणी आलं न्हाय. बाहेर डोकावलो तर अंगणात गाडी न्हाय. स्वयंपाकघरात ईरम्मा न्हाय. सिद्धेश्वरी एकटी भांडी लावत होती, ती मला बघून उभीच राहिली.

"अव्वा कुटं गेली?"

"अप्पा, रागावू नका," ती म्हणाली. "अव्वा माहेरी गेल्यात. शिवप्पामामा अंथरुणाला खिळलेत. 'ह्यांना एकदा अक्काला बघू दे' म्हणून कमलम्मामामी रोज फोन करायल्या होत्या. मोटारीत बसलं की अव्वाला उलट्या होतात आणि एसटीची पायरी चढवत न्हाय. म्हणून हे गाडीवर घेऊन गेले. तुमी जाऊ दिलं नसतं."

शिवप्पा म्हंजे ईरम्माचा भाऊ. अक्कलकोटच्या पलीकडं त्याचं गाव. मल्लूच्या लग्नात मी आचाऱ्याच्या तुपाचा डबा उघडून वास घेत होतो, तेव्हा हा शिवप्पा भर मांडवात ओरडला होता, "दाजीचं नाव गुरुसिद्धप्पा न्हाय, संशयप्पा ठेवायला पायजे होतं!" सगळा मांडव हसला. त्या दिवसापास्नं त्या उंबऱ्याला माझा पाय लागला न्हाय, आणि मी ईरम्माचाही लागू दिला न्हाय. तिनंही कधी हट्ट धरला न्हाय.

मला आधी रागच आला. मला न विचारता? माझ्या घरातनं? मी सुनेवर ओरडायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात ते फूटरेस्ट डोळ्यांपुढं आलं.

डावा पाय. आडवं बसून बघा. गुडघे गेलेल्या माणसाला विचारलं पायजे.

ईरम्मा इरकल लुगडं नेसते. ती गाडीवर आडवीच बसणार, दोन्ही पाय एका बाजूला. त्या अरुंद दातांवर तिचा एक पाय मावला असेल, तोही जेमतेम. दुसरा लोंबकळत. वरनं तो अक्कलकोटच्या पुढचा खड्ड्यांचा रस्ता.

"मल्लूला फोन लाव," मी म्हणालो.

"गाडी चालवताना उचलत न्हायत, अप्पा."

"लाव म्हणतो ना!"

तिनं लावला. उचलला न्हाय. मी खिडकीत जाऊन बसलो. कुणीतरी रस्त्यावरनं "काय गुरुसिद्धप्पा" म्हणालं, मी वर बघितलं न्हाय. दुपारचं जेवण गेलं न्हाय. माझी मलाच लाज वाटत होती, आणि ती कुणाला सांगायची सोय नव्हती.

दिवेलागणीच्या आधी गाडी आली. मल्लूनं स्टूल लावलं, सिद्धेश्वरीनं काखेत हात घातला, तरी ईरम्माला उतरता येईना. डावा पाय सुजून टम्म झाला होता. शेवटी मल्लूनं तिला उचलूनच आत आणलं आणि माझ्या खाटेवर बसवलं. मी खाली बसून तिची चप्पल काढली. तळाला दातांच्या खुणा उठल्या होत्या, एका जागी रबर फाटून आरपार गेलं होतं. तळव्यावर लालभडक वळ.

"वाटेत थांबायला सांगायचं की," मी म्हणालो. "फूटरेस्ट टोचतंय म्हणून बोलायचं."

"मल्लू म्हणाला, तुमी निवडलंय." ईरम्माचे डोळे रडून सुजले होते, पण तोंडावर असं काही होतं जे मी कैक वर्षांत बघितलं नव्हतं. "मी म्हणलं, ह्यांना सगळं कळलेलं दिसतंय. तोंडानं 'जा' म्हणवत न्हाय, म्हणून फूटरेस्ट निवडून दिलं. लई बरं वाटलं मला. मग त्याला नावं कशी ठेवू? शिवप्पालाबी सांगितलं मी, दाजींनी पाठवलं म्हणून. त्यानं तुमचं नाव घेऊन हात जोडले. बोलता येत न्हाय त्याला आता."

मी गरम पाणी आणलं, मीठ टाकलं आणि तिचा पाय घेऊन बसलो. मला सगळं कळलं होतं म्हणणारी ती पहिलीच बाई, आणि मला काडीचंही कळलं नव्हतं.

"परत बोलावलंय," ती पाण्यात पाय ठेवून म्हणाली. "पुढच्या सोमवारी. जाऊ का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच मल्लूला उठवलं. अजिनाथनं शटर वर केलं तेव्हा आम्ही दारात उभे होतो. "काढ बे ते दातवालं," मी म्हणालो, "आणि ते रुंद रबराचं, खाली-वर करता येणारं आण."

स्टूलावरनं चढलो. धोतर गुडघ्याशी गोळा केलं आणि दोन्ही पाय डाव्या बाजूला टाकून आडवा बसलो. समोरच्या चहाच्या टपरीवरची माणसं बघायला लागली. एकजण मोठ्यानं हसला. हसू दे.

मल्लूनं माझ्या पायांकडं बघितलं, मग माझ्याकडं. दातवालं मी मुद्दाम निवडलं होतं, हे त्याला कळलं असावं. तो खाली वाकला आणि रबरावर माझे दोन्ही पाय नीट ठेवले.

"खरं सांगा हं, अप्पा. कसं वाटतंय?"

मी रबरावर पाय दाबून बघितले. गुडघा ताणला जात होता.

"न्हाय," मी म्हणालो. "अजून दुखतंय. आणखी खाली घे."