जावईबापूंचं नामांकन

संस्थेच्या कार्यालयात एक काचेचं कपाट होतं आणि त्यात ढाली होत्या. कुणी, कुणाला, कशासाठी दिल्या हे आता कुणालाच सांगता आलं नसतं. तरी अध्यक्ष बैठकीआधी त्यांच्यावरून एकदा नजर फिरवत आणि मगच खुर्चीत बसत. लाकडाच्या वखारीत जन्म गेलेला माणूस. ढालीवर काय लिहिलंय यापेक्षा ती कुठल्या लाकडावर ठोकलीय हे त्यांना आधी दिसे.

त्या संध्याकाळी त्यांचे पाय जमिनीला लागत नव्हते. परदेशातल्या एका बड्या मंडळाने मुस्लिम जगातल्या तरुण गुणवंतांसाठी उत्कृष्टता पुरस्कार जाहीर केला होता. प्रत्येक संस्थेने तिशीच्या आतलं एकच नाव सुचवायचं. सोबत छोटा व्हिडिओ पाठवायचा, आणि त्या तरुणाच्या कामाचा ज्यांना उपयोग झाला ती माणसं त्यात दिसायला हवीत. नामांकनावर अध्यक्ष आणि चिटणीस अशा दोघांच्या सह्या.

चिटणीस म्हणजे बाई. शाळेतून निवृत्त झाल्या तरी साऱ्या वस्तीच्या त्या बाईच राहिल्या होत्या. जीभ धारदार, पण संस्थेत आल्या की ती म्यान करून बसायच्या. कारण एकच. मशिदीच्या आवारातली मागची खोली संस्थेची होती, आणि त्या खोलीत बाईंची भाची, सख्ख्या बहिणीची मुलगी, कर्णबधिरांना खुणांची भाषा शिकवायची. शुक्रवारची नमाज झाली की त्याच खोलीत ती प्रवचन हातांनी पुन्हा सांगायची. वर्षानुवर्षं मशिदीत येऊन नुसती पुढच्याची पाठ बघत बसलेली माणसं आता प्रवचनावर वाद घालू लागली होती. वर्गात येणाऱ्या एका शिंप्याने तर मौलवींना गाठून, पाटीवर लिहून, तीन शंका विचारल्या होत्या. पण खोली काय, अध्यक्षांच्या मर्जीची. ती गेली तर वर्ग गेला.

"माझ्या मते नाव उघड आहे," बाईंनी धीर करून म्हटलं. "आमची भाची. तिशीच्या आतली आहे, आणि तिचं काम डोळ्यांना दिसतं."

"दिसतं ना, दिसतं," अध्यक्ष गोड हसले. "पण बाई, हा साऱ्या मुस्लिम जगाचा पुरस्कार आहे. हातवारे काय, कुणीही करतं. तिथे तंत्रज्ञान लागतं. आमच्या जावईबापूंनी बहिऱ्यांसाठी अ‍ॅप काढलंय."

जावईबापू शेजारीच बसले होते. त्यांनी मान लववली, नवी नवरी लववते तशी. ते अ‍ॅप बाईंनी पाहिलं होतं. उघडलं की आधी सासऱ्यांचा फोटो यायचा, मग एक कार्टूनचा पंजा यायचा, आणि मग फोन गरम होऊन बंद पडायचा.

"क्रांती आहे ही," डॉक्टर म्हणाले. डॉक्टर हे संस्थेचे उपाध्यक्ष. अध्यक्ष शिंकले तरी त्यांना त्यात दूरदृष्टी दिसायची.

"आणि हो डॉक्टर," अध्यक्षांना आठवलं, "अम्मीच्या हातांचं काहीतरी बघा बुवा. कान तर कधीच गेले, आता हातही स्वस्थ बसत नाहीत. जेवता जेवता हवेत काहीतरी चाळे चालतात. पाहुण्यांसमोर मला तिचा हात धरून टेबलाखाली ठेवावा लागतो."

"वयाचा कंप," डॉक्टरांनी तिथल्या तिथे निदान केलं. "गोळी वाढवू."

बाई बोलल्या असत्या, पण पुढच्याच वाक्यात अध्यक्षांनी खिशातून चावी काढून टेबलावर ठेवली. मागच्या खोलीला दुरुस्तीसाठी कुलूप लावलंय म्हणे. व्हिडिओसाठी भाचीने आपले विद्यार्थी आणून दिले, तर दुरुस्ती लवकर संपेल. नाही तर जावईबापूंना ऑफिस हवंच आहे. एवढं सांगून त्यांनी चावी पुन्हा खिशात टाकली आणि चहा मागवला.

दुरुस्ती! त्या खोलीत दुरुस्त करण्यासारखं काही असलंच, तर ते कुलूप लावणाऱ्याचं डोकं होतं. बाई घरी जाईपर्यंत मनातल्या मनात अध्यक्षांची हजेरी घेत होत्या. शाळेतला माठ मुलगाही इतका निर्लज्ज नसतो, निदान उत्तर चोरताना तो मान तरी खाली घालतो.

भाचीने सगळं ऐकून घेतलं. वर्ग आता मशिदीच्या मागच्या जिन्यावर भरणार होता. पायरीला एक विद्यार्थी, असा.

"आणीन की त्यांना," ती म्हणाली. "व्हिडिओत त्यांनी काय सांगायचं?"

"ते म्हणतात, हात हलवा म्हणजे झालं. आवाज जावईबापू नंतर घालणार आहेत."

"काय बोलतील ते कुणी तपासणार नाही?"

"कोण तपासणार? त्यांच्यात कुणाला येतंय?"

"तुला तरी कुठे येतंय, खाला?" भाची हसत म्हणाली आणि चहाचे कप विसळायला उठली.

बाईंना ते लागलं. खरंच, त्या एकदाही वर्गात डोकावल्या नव्हत्या. कधी गुडघे दुखायचे, कधी बैठक असायची. वर्गात कोण कोण येतं असं त्यांनी मागे एकदा विचारलं होतं, तेव्हा "ज्यांच्याशी घरात कुणी बोलत नाही ते" एवढंच भाचीने सांगितलं होतं, आणि बाईंनीही पुढे विचारलं नव्हतं.

चित्रीकरण वखारीत झालं. रचलेल्या फळ्यांसमोर जावईबापू कोट घालून उभे राहिले. शेजारी एकेक करून शिंपी, बेकरीत काम करणारी मुलगी आणि आणखी काहीजण येऊन हातांनी बोलून गेले. भाची कॅमेऱ्यामागे उभी होती. मुलीचे हात भराभर चालत होते आणि अध्यक्ष दुरून म्हणत होते, "वा, काय कृतज्ञता आहे चेहऱ्यावर!"

व्हिडिओ पाठवायच्या आधी तो साऱ्या वस्तीला दाखवल्याशिवाय अध्यक्षांना चैन पडणार नव्हतं. शुक्रवारी नमाजेनंतर सभागृहात पडदा लावला. पुढच्या रांगेत सोफे, त्यावर अध्यक्ष, डॉक्टर, जावईबापू, आणि अध्यक्षांची आई. सगळे तिला दादी म्हणत. रविवारी सकाळी ती बायकांच्या धर्मशिक्षणाला जाते, असं घरच्यांना ठाऊक होतं. नातजावयाचं कौतुक बघायला म्हणून तिला आज नवा दुपट्टा देऊन आणून बसवलं होतं. कर्णबधिरांना मागे, भिंतीलगत उभं केलं होतं. ज्यांच्या नावाने सोहळा ते उभे, आणि ज्यांचं काही नाही ते सोफ्यावर. बाई कागद सांभाळत कडेला बसल्या. नामांकनावर अध्यक्षांची सही झाली होती, बाईंची व्हायची होती.

दिवे मालवले. पडद्यावर आधी अध्यक्षांचा फोटो आला. मग शिंपी आला. त्याचे हात हलू लागले आणि वरून जावईबापूंचा घसा साफ केलेला आवाज आला, "या अ‍ॅपने माझ्या अंधाऱ्या आयुष्यात प्रकाश आणला."

तेवढ्यात दादी हसली. चांगली खदखदून हसली. तिला तो आवाज ऐकू येतच नव्हता. तिला दिसत होते फक्त हात. आणि कान गेलेली माणसं बोलतात तशी ती सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात म्हणाली, "हा म्हणतोय, हे कोटवाले कोण? मी तर यांना आजच बघतोय!"

सगळ्या माना सोफ्याकडे वळल्या. अध्यक्षांनी आईच्या हातावर हात ठेवला. तिने तो झटकला. पडद्यावर बेकरीतली मुलगी आली होती.

"आम्हाला शिकवणारी ताई कॅमेऱ्यामागे उभी आहे," दादी वाचून दाखवल्यासारखी सांगू लागली. "आमच्या खोलीला कुलूप लावलंय. आम्ही जिन्यावर बसतो. याच्या फोनमध्ये याच्या सासऱ्याचा फोटो दिसतो, दुसरं काही नाही. आणि सासरा... थांब, काय म्हणाली? हां! सासरा मघापासून पोट आत ओढून उभा आहे."

मग जे हसू फुटलं, त्याने पंख्यांचा आवाजही बुडाला. मागे भिंतीलगतच्या माणसांनी दोन्ही हात वर करून पंजे हलवले. त्यांच्या टाळ्या तशाच असतात. बाईंना तर आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. इतक्या बैठकांचा कोंडलेला संताप एका म्हातारीने भर सभेत मोकळा केला होता.

दिवे लागले. जावईबापू घाम पुसत उठले. "काही काळजी नको. एडिट करू. फक्त चेहरे ठेवू, हात काढून टाकू."

बहिऱ्यांचे हात काढून टाकू! यालाच डॉक्टर क्रांती म्हणत होते.

"तब्येत बरी नाही अम्मीची," अध्यक्ष लोकांकडे वळून म्हणाले.

"कंप फार वाढलाय," डॉक्टरांनी री ओढली. "मेंदूवरही परिणाम होतो."

दादीने भाचीकडे पाहून हाताने काहीतरी विचारलं. भाचीने हातानेच उत्तर दिलं. डॉक्टर काय म्हणाले ते ती सांगत होती, हे बाईंनाही कळलं. दादीचं हसू मावळलं.

"कंप?" ती मुलाला म्हणाली. "बेटा, रोज जेवताना मी तुला सांगते, बस माझ्याजवळ." तिने हात उचलून ती खूण करून दाखवली. "रविवारी धर्मशिक्षणाला म्हणून निघते ना, तेव्हा इथे वर्गात येऊन मी हे शिकले. मला वाटलं, मला ऐकू येत नाही, पण तुला दिसतं तर आहे. तू काय केलंस? माझा हात धरून टेबलाखाली ठेवलास. आणि याच्या गोळ्या? त्या मी कुंडीत टाकते. झाडाने केव्हाच मान टाकलीय."

डॉक्टर सोफ्याचं कापड निरखू लागले.

बाई उठल्या. म्यानातली जीभ इतक्या दिवसांनी बाहेर आली. "अध्यक्षसाहेब, त्या नामांकनावर माझी सही होणार नाही. सही होईल ती एकाच नावावर, आणि ते कुठलं ते आता बालवाडीतलं पोरही सांगेल."

अध्यक्षांचं लक्षच नव्हतं. कारण दादीने आता तोंड मिटलं होतं. ती उभी राहिली, मुलाकडे तोंड केलं आणि नुसत्या हातांनी बोलू लागली. सावकाश, एकेक खूण नीट करून. भिंतीलगतची माणसं हसायची थांबली. बेकरीतल्या मुलीने डोळ्यांना ओढणी लावली. सभागृहाच्या त्या एका टोकाला सगळं समजत होतं, आणि सोफ्यावरच्यांना काहीच नाही.

"काय म्हणाली?" अध्यक्षांनी बाईंना विचारलं.

साऱ्या जगाचं चुकलेलं तपासणाऱ्या बाईंना यातली एकही खूण येत नव्हती. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"तू सांग, बेटी," अध्यक्ष भाचीकडे वळले. आवाजातला अध्यक्ष कुठल्या कुठे गेला होता. "काय म्हणाली अम्मी?"

"त्या तुमच्याशी बोलल्या, चाचा. मी कशी सांगू?"

"मग मला कळायचं कसं?"

"शिकवीन ना. रविवारी सकाळी या. खालालाही घेऊन येईन." भाची जराही न चिडता म्हणाली. "फक्त वर्गाच्या खोलीची चावी तुमच्या खिशात आहे."

सगळं सभागृह बघत होतं. अध्यक्षांनी हात खिशात घातला आणि चावी बाहेर काढली. हात चांगलाच थरथरत होता, पण या खेपेला डॉक्टरांनी गोळी सुचवली नाही.